आगमनकाळ ते तीन राजांचा सण : धर्मग्रामाने तयारी कशी करावी

ख्रिस्तराजाचा सण आटोपला की पुढच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान केव्हाही येतो. तिथपासून तीन राजांच्या सणापर्यंतच्या पाच-सहा आठवड्यांत धर्मग्रामात किती काय काय होते, ते पाहा. नोव्हेना, पापनिवेदन, गोठे, घरोघरी गाणी, ख्रिस्तजयंतीच्या एकामागून एक मिस्सा, मुलांची नाटुकली, ज्येष्ठांचा मेळावा आणि वर्षअखेरची आराधना. उत्साह कुठेच कमी नसतो. कमी पडतो तो आधी केलेला विचार, आणि मग त्याच त्या आठ-दहा माणसांची दमछाक होते.

वसईच्या पट्ट्यातल्या मराठी धर्मग्रामांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत झाला. पापडी, नंदाखाल, निर्मळ, गास, आगाशी ही जुनी गावे आणि त्यांच्या भोवती उभ्या राहिलेल्या नव्या सोसायट्या असा हा संसार आहे. यंदा ज्यांच्यावर गायकवृंदाची, विभागाची किंवा एखाद्या मेळाव्याची जबाबदारी आली आहे, त्यांना यातले काही उपयोगी पडेल. नव्याने राहायला आलेल्या आणि आपण कुठे हात लावावा हे न कळणाऱ्या कुटुंबांनाही पडेल.

माझे सगळे सांगणे एका गोष्टीवर उभे आहे. बाकांवर आणि मंडपातल्या खुर्च्यांवर बसलेला भाविक गातो आहे की नुसताच ऐकतो आहे, हे पाहावे आणि त्यावरून आपला सण कसा झाला ते ठरवावे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज काढला आणि लोकभाषेत उपासनेची वाट मोकळी झाली. भाविकांनी मुके प्रेक्षक होऊन बसू नये, हाच त्यामागचा आग्रह होता. मिस्सा मराठीत आली त्याला आता दोन पिढ्या झाल्या. तरीही नाताळच्या रात्री मंचावरचे पंचवीस जण गातात आणि समोरचे दोन हजार जण मोबाईल वर धरून त्यांचे चित्रीकरण करतात, असे दृश्य दिसते. हे बदलता येते. त्यासाठी पैसा लागत नाही, फक्त तयारीची दिशा बदलावी लागते.

आधी तारखांचा कागद

ऑक्टोबरअखेर पॅरिश कौन्सिलची एक बैठक फक्त तारखांसाठी घ्या. सजावट, जेवण, पाहुणे हे विषय त्या दिवशी काढूच नका. एका मोठ्या कागदावर आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापासून प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंतचे रकाने आखा. त्यावर युवक, महिला मंडळ, वेदीसेवक, धर्मशिक्षणाचे शिक्षक आणि सगळे विभाग यांनी आपापल्या तारखा लिहायच्या. डिसेंबरच्या एखाद्या शनिवारी तीन कार्यक्रम आणि तिन्हींना तेच गायक, ही अडचण या कागदावर लगेच दिसते. शाळांच्या परीक्षा आणि नाताळच्या सुट्टीतली लग्ने हीदेखील याच कागदावर नोंदवा, कारण २६ डिसेंबरनंतर गायक आणि वादक लग्नांच्या मिस्सांत अडकतात.

दोन तारखांकडे नीट बघा. २४ डिसेंबर रविवारी आला, जसा २०२३ मध्ये आला होता, तर सकाळी आगमनकाळाचा चौथा रविवार असतो आणि रात्री ख्रिस्तजयंती. सकाळी वेदी जांभळ्या रंगात, मोजक्याच फुलांची हवी आणि काही तासांत पांढऱ्या-सोनेरी रंगात सजायला हवी. त्या दुपारसाठी वेगळी माणसे नेमावी लागतात. दुसरी तारीख पापनिवेदनाची. २३ तारखेला रांग लावून प्रत्येकाला मिनिटभर देण्यापेक्षा १५ ते २० डिसेंबरच्या दरम्यान एक संध्याकाळ राखून ठेवा आणि शेजारच्या धर्मग्रामांतल्या धर्मगुरूंना नोव्हेंबरातच निरोप द्या. त्यांच्याकडेही तीच गर्दी असते, उशिरा विचारले तर त्यांना येता येत नाही.

गाणी निवडताना

गायकवृंद जमला की पहिला प्रश्न येतो, यंदा प्रवेशगीत कोणते? माझ्या मते सुरुवात इथून करू नये. १९६७ मध्ये रोमने उपासनेतल्या संगीताविषयी सूचना काढली, तिने गायनाचा क्रम स्पष्ट लावून दिला आहे. सर्वांत आधी धर्मगुरू आणि भाविक यांच्यातली सवाल-जबाबासारखी वचने, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ आणि प्रभूची प्रार्थना. त्यानंतर ‘प्रभू दया कर’, गौरवगीत, देवाचे कोकरू. प्रवेश, अर्पण आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळची गीते यांचा नंबर त्यानंतर लागतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नेमके उलटे होते. चार गीते थाटात गायली जातात आणि ‘पवित्र’ घाईघाईने म्हणून टाकले जाते. यंदा सरावाचा पहिला महिना या छोट्या भागांना द्या. त्यांची एकच चाल ठरवा आणि आगमनकाळाच्या चारही रविवारी तीच गा. ख्रिस्तजयंतीच्या रात्री फक्त वर्षातून एकदा येणारा माणूसही दोन ओळी ऐकून तिसऱ्या ओळीला सामील होईल, अशी ती सोपी हवी.

आगमनकाळात गौरवगीत गायचे नसते. वाद्ये आणि फुले यांचा वापरही बेताचा ठेवायचा असतो. या संयमाला कारण आहे. चार आठवडे न गायलेले गौरवगीत २४ च्या रात्री घंटांच्या नादात सुरू होते, तेव्हा त्याची ताकद कळते. म्हणून पहिल्या दोन रविवारी ढोलकी आणि ड्रमपॅड बाजूला ठेवा. हार्मोनियम किंवा कीबोर्डचा धरलेला सूर पुरे. तिसऱ्या रविवारी, गुलाबी मेणबत्तीच्या दिवशी, थोडी मोकळीक घ्या. दुकानांत नोव्हेंबरपासून नाताळगीते वाजतात, ती वाजू देत. मिस्सेत मात्र बाळ येशूच्या जन्माची गाणी २४ च्या रात्रीआधी आणू नका. १७ डिसेंबरपासून वाचनांचा रोख जन्माकडे वळतो, तेव्हा मारिया, योसेफ आणि योहान बाप्तिस्ता यांच्यावरची गीते घ्यावीत.

ख्रिस्तजयंतीच्या सगळ्या मिस्सा सारख्याच, असे समजून एकच गाण्यांची यादी सगळीकडे वापरली जाते. त्यात आपले फार नुकसान होते. या सणाला चार वेगवेगळ्या मिस्सा नेमलेल्या आहेत आणि प्रत्येकीचे शुभवर्तमान वेगळे आहे. २४ च्या संध्याकाळच्या मिस्सेत मत्तयची वंशावळ आणि योसेफाचे स्वप्न येते. रात्री लूकच्या दुसऱ्या अध्यायात गोठा, मेंढपाळ आणि देवदूतांचे गाणे आहे. पहाटे त्याच अध्यायातले पुढचे प्रसंग येतात, मेंढपाळ बेथलेहेमला जाऊन बाळाला पाहतात आणि मारिया हे सगळे मनात जपून ठेवते. दिवसाच्या मिस्सेत योहानच्या शुभवर्तमानाचा आरंभ असतो. त्यात ना गोठा आहे ना मेंढपाळ, तिथे शब्द देह धारण करतो. प्रतिसाद स्तोत्रेही ओळीने ९६, ९७ आणि ९८ अशी रात्र, पहाट आणि दिवस यांना वाटलेली आहेत. रात्री देवदूतांची गाणी, पहाटे मेंढपाळांची गाणी, आणि सकाळी दहाच्या मिस्सेत प्रकाश व शब्द यांची भारदस्त गीते, असे वाटप करा. पहाटेच्या मिस्सेला माणसे कमी असतात. तिथे एक आवाज, एक हार्मोनियम आणि सावकाश चाल फार शोभते.

प्रतिसाद स्तोत्राच्या जागी दुसरे कुठलेही गाणे चालत नाही. स्तोत्र गाणारा एकच असावा, ध्रुपद सगळ्यांनी म्हणावे. पंधरा-सोळा वर्षांच्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला ही जबाबदारी द्या आणि सहा आठवडे आधी द्या. स्तोत्र नीट गाणारी एक व्यक्ती तयार झाली की धर्मग्रामाला पुढची वीस वर्षे तिचा उपयोग होतो.

नवे गाणे संपूर्ण काळात एकच घ्या. संगीतकाराला हे पटत नाही, पण लोकांच्या ओठांवर गाणे बसायला तीन-चार रविवार लागतात. जुन्या गाण्यांचा आपला साठा मोठा आहे. मराठीत ख्रिस्तकथा गाण्याची परंपरा थेट फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापर्यंत जाते. १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, तेही ओवीत, म्हणजे इथल्या माणसाच्या कानाला सवयीच्या छंदात. पुढे नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) भजन आणि अभंग यांच्या वळणाची गीते लिहिली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’मध्ये ती आजही गायली जातात. टाळ आणि पेटीवर बसणारी अशी गीते ख्रिस्तप्रसादानंतरच्या शांत वेळेत घ्या. इंग्रजी नाताळगीतांच्या चालींवर मराठी शब्द बसवलेली गाणी लोकांना प्रिय आहेत, तीही असू द्या. पण सगळा कार्यक्रम त्यांनीच भरला, तर आजीच्या तोंडची चाल नातवाला कधी ऐकायलाच मिळत नाही. सामवेदी आणि वाडवळी बोलींतली गाणी फेरीसाठी आणि मेळाव्यांसाठी राखून ठेवा, आणि ती येणाऱ्या बायकांना सरावाला आवर्जून बोलवा.

पट्टी, माईक आणि कागद

लोक गात नाहीत याचे सर्वांत साधे कारण म्हणजे पट्टी उंच असते. गायकवृंदातल्या चांगल्या गळ्याला सोयीची पट्टी घेतली की बाकांवरचे पुरुष दुसऱ्या ओळीला गप्प होतात. गाण्यातला सर्वांत उंच सूर कीबोर्डवर मधल्या सीपासून मोजून पुढच्या सप्तकातल्या डीच्या वर जाऊ देऊ नका. सकाळी सातच्या मिस्सेला आणखी एक स्वर खाली उतरा, झोपेतून उठलेला गळा वर चढत नाही. रेकॉर्डमधली मूळ पट्टी धरून बसण्याचा हट्ट सोडा.

दुसरे कारण माईक. गायकवृंदाचे चार माईक सतत चालू असले, की भाविकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि शेजाऱ्याचाही नाही. मग तो गात नाही. एक प्रयोग करून बघा. ध्रुपदाची पहिली ओळ माईकवर गा आणि दुसऱ्या वेळेला गायकवृंदाचे माईक बंद करा, फक्त पेटीचा किंवा कीबोर्डचा सूर राहू द्या. पहिल्या रविवारी क्षणभर पोकळी जाणवेल. तिसऱ्या रविवारी ती पोकळी लोक भरून काढतात. यासाठी ध्वनियंत्रणेवर बसणारा मुलगा सरावाला हजर हवा आणि गाण्यांचा क्रम त्याच्या हातात हवा. उंच छताच्या जुन्या चर्चमध्ये आवाज घुमतो, तिथे चाल थोडी संथ ठेवा आणि तबल्याजवळचा माईक काढून टाका. भिंती तबला आपोआप मोठा करतात. मंडपात उलट होते, तिथे आवाज विरून जातो. म्हणून रात्रीच्या मिस्सेचा एक तरी सराव मैदानात, त्याच वेळी, त्याच यंत्रणेवर करा.

तिसरे म्हणजे शब्द. पडद्यावर शब्द दाखवत असाल तर एका वेळी चार ओळींपेक्षा जास्त नकोत. पान पुढे सरकवणारा स्वतः गाणारा असावा, म्हणजे त्याला वेळ कळते. कागद वाटणार असाल तर अक्षरे मोठी ठेवा, सोळा ते अठरा पॉइंट. मंडपाच्या पिवळ्या दिव्यात साठीच्या पुढच्या डोळ्यांना बारीक टाइप दिसत नाही आणि चष्मा शोधेपर्यंत कडवे संपते. मिस्सेआधी पाच मिनिटे कुणीतरी समोर येऊन त्या दिवशीचे ध्रुपद लोकांकडून एकदा म्हणून घ्यावे. हे काम हसतमुख माणसाकडे द्या, गाण्यातल्या तज्ज्ञाकडे नको.

वाचकांसाठी थोडेसे. २४ च्या संध्याकाळी वंशावळ वाचायची तर त्यातली नावे धर्मगुरूंनी दोन-तीन वेळा मोठ्याने वाचून बघावीत. यशयाच्या नवव्या अध्यायातला रात्रीचा उतारा वाचणाऱ्याने तो घरी रोज एकदा, उभे राहून वाचावा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ घरी असेल तर अर्थ समजून घेण्यासाठी ते जवळ ठेवा. व्यासपीठावर मात्र नेमून दिलेले वाचनच वाचायचे. श्रद्धावचन म्हणताना, देवपुत्राने देह धारण केल्याच्या शब्दांशी एरवी आपण फक्त नमन करतो. ख्रिस्तजयंतीला तिथे गुडघे टेकायचे असतात. मंडपात खुर्च्या लावताना त्यासाठी दोन रांगांत जागा सोडा आणि निवेदकाला आधी सूचना करायला सांगा.

रात्रीची वेळ आणि पोलीस परवानगी

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. यंदाच्या दिवसांच्या यादीत २४ डिसेंबर आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आदेशात स्वतः वाचून खात्री करा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. परवानगीचा अर्ज नोव्हेंबरात द्या आणि शिक्का मारलेली प्रत मंडपात ठेवा. नियमांत राहण्यासाठी अनेक धर्मग्राम रात्रीची मिस्सा लवकर सुरू करतात, त्यात काहीच कमीपणा नाही. आठ-साडेआठला सुरुवात केली तर लहान मुले जागी असतात आणि म्हातारी माणसे थंडीत कुडकुडत नाहीत. शंभर मीटरच्या आत रुग्णालय किंवा शाळा असेल तर तो परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. तिथे कर्णे चर्चच्या आतच ठेवा.

नोव्हेना घरोघरी

१६ ते २४ डिसेंबर ही नोव्हेना अनेक विभागांत दररोज वेगळ्या घरी होते. माझ्या दृष्टीने या सगळ्या काळातला हा सर्वांत मोलाचा मेळावा आहे. चर्चमध्ये आपण पाठीकडून एकमेकांना ओळखतो, नोव्हेनेत समोरासमोर बसतो. ती टिकवायची तर एक नियम विभागाने एकमताने करावा. प्रार्थनेनंतर फक्त चहा द्यावा, फार तर एक बिस्किट. पहिल्या घरी समोसे ठेवले की दुसऱ्या घरी केक येतो आणि चौथ्या घरी जेवण होते. मग पाचव्या घरची बाई “आमच्याकडे यंदा नको” म्हणते. भाड्याच्या एका खोलीत राहणारे कुटुंब, नवरा नोकरीला मुकलेले घर, एकटी विधवा, ही घरे अशीच नकळत यादीतून गळतात. विभागसेवकाने नऊ घरांची यादी करताना आधी हीच घरे विचारावीत आणि मोठे बंगले शेवटी. जागा लहान असेल तर बाहेर ओटीवर चटया टाका.

वेळ पाऊण तासाच्या वर जाऊ देऊ नका. सुरुवातीला एक गीत, वाचन, दोन मिनिटे शांतता, मग मोकळ्या प्रार्थना आणि शेवटी एक गीत. मोकळ्या प्रार्थनेत कुणीतरी एकाच्या अडचणीचे नाव घेऊन सविस्तर प्रार्थना करतो आणि त्या घराची गोष्ट गावभर होते. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकावे की आजारी आणि अडचणीतल्यांसाठी प्रार्थना करायची, तपशील सांगायचे नाहीत. शेजारच्या हिंदू किंवा मुसलमान कुटुंबांना निमंत्रण द्या. ती येतात आणि आनंदाने बसतात. त्यांना बोलवायचे असेल त्या दिवशी पापांगीकाराच्या लांब प्रार्थनांऐवजी स्तोत्र, शुभवर्तमान आणि गाणी घ्या.

नवीन वस्त्यांत आणखी एक प्रश्न येतो. एकाच इमारतीत मराठी, कोकणी, मल्याळी आणि हिंदी बोलणारे कॅथलिक असतात. प्रत्येकाच्या भाषेची वेगळी नोव्हेना केली तर तीन-तीन माणसे जमतात. सगळ्यांची एकच ठेवा, वाचन दररोज वेगळ्या भाषेत आणि ध्रुपद मात्र एकाच भाषेत, सगळ्यांना पाठ होईल असे. केरळहून आलेल्या माणसाने मराठी ध्रुपद नऊ दिवस म्हटले की रविवारच्या मराठी मिस्सेत त्याला परके वाटत नाही.

गोठा आणि फेरी

गोठ्याची कल्पना संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी प्रत्यक्षात आणली. तिथे गवत होते, बैल आणि गाढव होते, लोक हातात दिवे घेऊन आले होते. आपल्याकडे भाताचा पेंढा, बांबू आणि माती हाताशी आहे, म्हणून थर्मोकोलकडे जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर बंदीही आहे. शेतासाठी नाचणी किंवा गहू पसरट ताटल्यांत दहा-बारा दिवस आधी पेरा आणि वरून ओले फडके घाला. कोंब आले की फडके काढा, २४ पर्यंत बोटभर हिरवळ तयार होते. पेंढ्यात दिव्यांच्या माळा गुंडाळू नका, तारा बाहेरून न्या आणि रात्री बटण बंद करायला एक माणूस नेमा. बाळाची मूर्ती २४ च्या रात्रीच ठेवायची. तीन राजांना गोठ्यापासून लांब, खिडकीपाशी उभे करा आणि रोज थोडे पुढे सरकवा. मुलांना हे फार आवडते आणि त्यातून तीन राजांचा, म्हणजे प्रकटीकरणाचा सण त्यांच्या लक्षात राहतो. स्पर्धा ठेवणार असाल तर गुण देताना मोठेपणाला आणि खर्चाला गुण ठेवू नका. परीक्षकांना ही अट लेखी द्या.

गाण्याच्या फेरीला लागते ते एवढेच. गाणी तीन, वाद्य एक आणि रस्ता आधी चालून पाहिलेला. ‘सायलेंट नाइट’ हे जगभर गायले जाणारे गाणे १८१८ च्या नाताळच्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये पहिल्यांदा गायले गेले, तेव्हा साथीला फक्त गिटार होती. ट्रकवर साउंड सिस्टीम चढवली की दारातल्या माणसाला त्यात सामील होता येत नाही. आधी अंथरुणाला खिळलेल्यांची घरे घ्या, तिथे दोन गाणी जास्त गा, मग उरलेली. रुग्णालयात जायचे तर परवानगी आधी घ्या आणि वॉर्डात वाद्य नेऊ नका. दानाची पेटी बंद आणि कुलपाची असावी. ती दोघांनी मिळून उघडावी आणि रक्कम पुढच्या रविवारी सूचनांमध्ये सांगावी. पैसा कशासाठी जमवतो आहोत ते फेरीला निघण्याआधीच जाहीर झाले पाहिजे. ‘गरिबांसाठी’ एवढे पुरत नाही. कोणत्या मुलांची फी, कोणाचे उपचार, हे कौन्सिलला माहीत हवे आणि ज्यांना मदत जाते त्यांची नावे कौन्सिलच्या बाहेर जाता कामा नयेत.

मुले आणि ज्येष्ठ

मुलांच्या नाटकाला सूत्रधार एक ठेवा आणि संवाद कमी, म्हणजे त्यांना गाता येते. वेदीजवळ नाटक करायचे तर ते मिस्सेच्या आधी किंवा नंतर करा, शुभवर्तमानाच्या जागी करू नका. देवदूतांच्या घोळक्यात अपंग मूल असेल तर त्याला मागच्या रांगेत उभे करू नका. हालचाल जमत नसेल तर तारा हातात धरण्याचे काम त्याचे.

ज्येष्ठांच्या मेळाव्याला हार-तुरे आणि भाषणे यांतच वेळ जातो. त्यांना मिस्सा हवी असते, सावकाश जेवण हवे असते आणि एकमेकांशी बोलायचे असते. येण्या-जाण्याला रिक्षा ठरवा आणि शौचालयाजवळची खोली निवडा. साखर असणाऱ्यांना जेवण बारापर्यंत मिळाले पाहिजे. भाषणे दोन, पाच-पाच मिनिटांची. उरलेल्या वेळात त्यांच्याकडून जुनी गाणी गाऊन घ्या आणि युवकांपैकी कुणीतरी ती मोबाईलवर रेकॉर्ड करून गायकवृंदाला द्यावीत. अनेक चाली कुठेही लिहिलेल्या नाहीत, त्या फक्त या माणसांना येतात. जे येऊच शकत नाहीत त्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेणाऱ्यांची यादी १० डिसेंबरपर्यंत पूर्ण करा. त्यांना वेळ कळवा आणि ती पाळा. अंघोळ करून, स्वच्छ चादर घालून माणूस सकाळपासून वाट पाहत बसतो.

सण संपल्यावर

प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणानंतरच्या आठवड्यात एक बैठक घ्या, तासाभराची. कोणत्या गाण्याला लोक गायले आणि कोणत्याला थांबले, एवढेच गायकवृंदाने लिहून ठेवावे. गाण्याची पट्टी, कडव्यांची संख्या आणि कुठल्या मिस्सेला ते घेतले, हे प्रत्येक गाण्याच्या कागदावर पेन्सिलने नोंदवून फाइल सॅक्रिस्टीत ठेवा, कुणाच्या घरी नको. विभागांनी नोव्हेनेच्या नऊ घरांची यादी जपावी, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरी नऊ घरे घेता येतात. हिशेब लेखी द्या. ध्वनियंत्रणेवर बसणारा मुलगा, मंडपाच्या खुर्च्या उचलणारे, शौचालये साफ करणारी बाई यांना कुणीतरी प्रत्यक्ष भेटून धन्यवाद द्यावेत, जाहीर यादीत त्यांची नावे बहुधा राहून जातात.

मग गायकवृंदाला दोन आठवडे सुट्टी द्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला संत गोन्सालो गार्सियाचा सण येतो. मूळचा वसईचा गोन्सालो ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकी इथे हुतात्मा झाला आणि १८६२ मध्ये संत घोषित झाला. त्याच्या सणापर्यंत आवाज ताजे झालेले हवेत. राखेचा बुधवार काही वर्षी अगदी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच येऊन ठेपतो. ईस्टरच्या जागरणविधीत जुन्या करारातली सात वाचने आणि प्रत्येकामागे स्तोत्र असते. ती स्तोत्रे गाणारे सात जण ठरवायचे काम जानेवारीच्या त्याच बैठकीत करून टाका, आणि त्यांपैकी निदान तिघे असे निवडा की ज्यांनी आजवर माईकसमोर उभे राहून कधी गायलेले नाही.